‘टेक् ऑफ्’ : एका इंग्रजी क्रियापदाचा इतिहास

इंग्रजी भाषेचा अभ्यास करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यास तिच्या व्याकरणापेक्षां व तिच्या कुप्रसिद्ध वर्णलेखनापेक्षांहि अधिक छळणारी एक गोष्ट आहे. ती म्हणजे तिचीं सोपीं क्रियापदें. हें विधान प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. परंतु कोशाच्या साह्यानें मिल्टनचें काव्य पार करणारा मनुष्यहि दोन इंग्रज शेतकऱ्यांचें संभाषण ऐकतांना अडखळतो, हा अनुभव पुष्कळांचा आहे. मोठा शब्द एकदां कोशांत पाहिला कीं त्याचा अर्थ हातीं येतो. लहान शब्दांचें तसें नाहीं. ‘टेक्’ म्हणजे घेणें, हें विद्यार्थी पहिल्या पुस्तकांत शिकतो. ‘ऑफ्’ म्हणजे दूर किंवा पासून, हेंहि त्यास लौकरच कळतें. पण या दोन ओळखीच्या मंडळींची जोडी जमली, कीं दोघेहि अनोळखी होतात.

‘ही टुक् ऑफ् हिज् हॅट्’ म्हणजे त्यानें टोपी काढली. येथवर ठीक आहे. ‘ही टुक् ऑफ् हिज् टीचर’ म्हणजे मात्र त्यानें गुरुजींना काढलें असें नव्हे. त्यानें गुरुजींची नक्कल केली. ‘दे टुक् ऑफ् टेन् पर्सेंट्’ म्हणजे त्यांनीं शेंकडा दहा सूट दिली. ‘ही टुक् ऑफ् अ‍ॅट् वन्स्’ म्हणजे तो तडक निघून गेला. ‘दि प्लेन् टुक् ऑफ्’ म्हणजे विमान उडालें. नाटकाचे प्रयोग बंद केले किंवा एखादी आगगाडी वेळापत्रकांतून कमी केली, तरी तेथेंहि हाच शब्द. अशा वेळीं विद्यार्थी कोश मिटून म्हणतो कीं, या भाषेला कांहीं नियमच नाहीं. हा निकाल बरोबर आहे काय, एवढाच प्रश्न आम्ही येथें घेतला आहे. आणि त्याचा विचार करण्यासाठीं या जातीच्या शेंकडों क्रियापदांपैकीं हें एकच निवडलें आहे. इंग्रज वैयाकरण यांस ‘फ्रेझल् व्हर्ब्’ म्हणतात. आम्ही सोयीसाठीं जोडक्रियापद म्हणूं.

हा निकाल देणारा आमचा विद्यार्थी पहिला नव्हे. त्याच्या बाजूनें फार मोठी साक्ष आहे, ती खुद्द डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांची. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांशीं जॉन्सनचा कोशाचा करार इ. स. १७४६ मध्यें झाला. गफ् स्क्वेअरमधील घराच्या माळ्यावर सहा लेखनिक हाताशीं घेऊन त्यानें काम चालविलें, आणि १५ एप्रिल १७५५ रोजीं त्याचा दोन जाड खंडांचा कोश प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारें बेचाळीस हजार शब्द आहेत. एकट्या ‘टेक्’चे त्यानें १३४ अर्थ नोंदविले आहेत. कोशाच्या प्रस्तावनेंत तो या जोडक्रियापदांचा मुद्दाम उल्लेख करतो. परकीयांस आमच्या भाषेंत सर्वांत अधिक अडचण यांचीच होते, असें सांगून तो उदाहरणांची एक माळ देतो. आणि त्या माळेंत ‘टेक् ऑफ्’ हें ‘नक्कल करणें’ या अर्थानें आलेलें आहे. शेवटीं तो म्हणतो कीं, यांपैकीं कांहीं प्रयोग मूळ शब्दांच्या अर्थापासून इतके दूर गेलेले आहेत, कीं ते तेथवर कोणत्या पावलांनीं पोंचले हें कितीहि चतुर मनुष्यास शोधून काढतां यावयाचें नाहीं. इतक्या मोठ्या कोशकारानें हात टेकले, तेथें विद्यार्थ्यानें टेकले तर त्यास कोण दोष देईल?

गंमत अशी, कीं हाच शब्द पुढें जॉन्सनच्या वाट्यास प्रत्यक्ष आला. त्या काळीं लंडनच्या रंगभूमीवर सॅम्युएल फूट नांवाचा नट होता. हयात आणि प्रसिद्ध माणसांच्या हुबेहुब नकला करणें हा त्याचा हातखंडा. डब्लिनच्या एका मुद्रकाची त्यानें अशी नक्कल केली होती, आणि आतां जॉन्सनची पाळी आहे अशी वार्ता उठली. बॉस्वेलनें आपल्या चरित्रग्रंथांत दिलेली हकीकत अशी : टॉमस डेव्हीस या पुस्तकविक्रेत्याच्या घरीं भोजनप्रसंगीं जॉन्सननें त्याला विचारलें, ओकच्या काठीला सामान्यतः काय पडतें? डेव्हीसनें सांगितलें, सहा पेन्स. तेव्हां जॉन्सन म्हणाला, मग आपल्या नोकराला पाठवून माझ्यासाठीं एक शिलिंगाची आणवा; फूट माझें ‘टेक् ऑफ्’ करणार आहे असें ऐकतों, आणि तें त्याला फुकटांत करूं द्यावयाचें नाहीं, असें मीं ठरविलें आहे. हा निरोप फूटला पोंचला आणि नक्कल तशीच राहिली. ज्या शब्दाची पावलें शोधतां येत नाहींत असें कोशकारानें लिहिलें, तो शब्द असा त्याच्या दारापर्यंत चालत आला होता.

जॉन्सनच्या निकालास उत्तर मिळालें, तें त्याच्याच मित्रमंडळाच्या एका सभासदाकडून, आणि तेंहि हिंदुस्थानांतून. १७६४ सालीं जॉन्सन आणि चित्रकार रेनॉल्ड्स यांनीं जो प्रसिद्ध ‘क्लब’ स्थापिला, त्यांत १७७३ मध्यें विल्यम जोन्स या तरुण पंडिताची निवड झाली. दहा वर्षांनीं जोन्स न्यायाधीश होऊन कलकत्त्यास आला आणि संस्कृत शिकूं लागला. जॉन्सन १३ डिसेंबर १७८४ रोजीं वारला. त्यानंतर चौदा महिने पुरे होण्यापूर्वींच, २ फेब्रुवारी १७८६ रोजीं, एशियाटिक सोसायटीपुढील व्याख्यानांत जोन्सनें संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळ उगमापासून निघाल्या असाव्यात असें प्रतिपादन केलें, आणि जर्मॅनिक भाषाहि त्याच कुळांतील मानण्यास आधार आहे असें सुचविलें. पुढें डेन्मार्कच्या रास्कनें आणि जर्मनीच्या ग्रिमनें ध्वनिपरिवर्तनाचे नियम ठरविले. संस्कृतांतील आरंभींच्या ‘प’काराच्या जागीं इंग्रजींत ‘फ’कार येतो, पितृ तो ‘फादर’, पाद तो ‘फूट्’. शब्दांत अन्यत्र असलेल्या ‘प’काराचीहि पुष्कळदां हीच गत होते. या नियमानें पाहिलें तर आमच्या ‘टेक् ऑफ्’मधील ‘ऑफ्’ कोण निघतो? तो आमच्या घरचाच निघतो. संस्कृत ‘अप’, ग्रीक ‘अपो’, लॅटिन ‘अब्’ आणि इंग्रजी ‘ऑफ्’ हे चौघे सख्खे भाऊ. तसेंच ‘औट्’ हा ‘उद्’चा, ‘अप्’ हा ‘उप’चा, आणि ‘ओव्हर्’ हा ‘उपरि’चा भाऊ. वाचकांनीं येथें एक घोटाळा मात्र टाळावा : इंग्रजी ‘अप्’ आणि संस्कृत ‘अप’ हे उच्चारानें जवळ असले तरी नात्यानें जवळ नाहींत.

म्हणजे ज्यांस विद्यार्थी कटकट समजतो, ते हे लहान शब्द म्हणजे आमचे उपसर्गच होत. आणि उपसर्गानें धातूचा अर्थ बळेंच दुसरीकडे नेला जातो, हें संस्कृत शिकणाऱ्यास कोणी नव्यानें सांगावयास नको. एका ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार आणि अपहार झाले. जेवणें, हिंडणें, मारणें, नाश करणें, टाळणें आणि चोरणें या सहा गोष्टी एका ‘नेणें’ या अर्थांत कशा सामावतात, असें एखाद्या इंग्रजानें विचारलें तर आम्ही त्यास हंसूं आणि म्हणूं कीं, यांत काय आश्चर्य, हा उपसर्गाचा महिमा आहे. मग तोच महिमा त्याच्या भाषेंत दिसला, कीं त्यास अनियम कां म्हणावें?

यावर कोणी म्हणेल, कीं आमचा उपसर्ग धातूच्या पुढें उभा असतो; इंग्रजाचा मागें कां? हा प्रश्न रास्त आहे, आणि या कथेचें मर्म त्यांतच आहे. उपसर्ग धातूच्या आधीं येतात असा नियम पाणिनीनें सांगितला खरा. पण लगेच पुढें त्यानें हेंहि सांगितलें आहे, कीं वेदांत ते धातूच्या नंतरहि येतात आणि मध्यें दुसरे शब्द घालून दूरहि राहतात. म्हणजे मूळ कुळांत हे शब्द मोकळेच होते. पुढें तीन घरांत तीन रीती पडल्या. लौकिक संस्कृतांत ते धातूला पुढून कायमचे चिकटले. जर्मन भाषेंत ते अर्धे मोकळे राहिले : टोपी काढणें या अर्थाचें क्रियापद ‘अब्-नेमेन्’ असें असलें, तरी साध्या वाक्यांत ‘नेमेन्’ आधीं येतें आणि ‘अब्’ वाक्याच्या शेवटीं जाऊन बसतो. इंग्रजींत ते मोकळे झाले ते मागेंच स्थिरावले.

जुन्या इंग्रजींत, म्हणजे अकराव्या शतकापूर्वींच्या भाषेंत, हे उपसर्ग आमच्यासारखे पुढेंहि लागत. ‘स्लेअन्’ म्हणजे मारणें, प्रहार करणें. ‘ऑफ्-स्लेअन्’ म्हणजे ठार मारणें. पण क्रियापदांत जोर धातूवर पडे, उपसर्गावर पडत नसे. त्यामुळें ते हळूहळू झिजले आणि त्यांचा अर्थ पुसट झाला. त्यांत दोन परकीय वादळें आलीं. नवव्या शतकापासून डेन व नॉर्स लोक इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वसाहत करून राहिले. १०१६ सालीं तर कनूट हा डेन राजाच गादीवर बसला. या लोकांच्या भाषेंत उपसर्ग जवळजवळ नष्ट झालेले होते, आणि तें काम क्रियापदामागें येणारीं लहान अव्ययें करीत. दोन्ही भाषा इतक्या जवळच्या, कीं शेजारी शेजाऱ्याचे शब्द सहज उचली. ‘लॉ’, ‘स्काय्’, ‘एग्’, इतकेंच नव्हे तर ‘दे’ हें सर्वनामसुद्धां इंग्रजांनीं या पाहुण्यांकडून घेतलें. आणि त्यांच्याकडूनच घेतलें तें ‘टेक्’. घेणें या अर्थाचा इंग्रजांचा घरचा शब्द ‘निमन्’ होता, तो म्हणजेच जर्मन ‘नेमेन्’. नॉर्स ‘ताका’नें त्यास हांकून दिलें. ‘निम्’ हा शब्द पुढें ‘लांबविणें’, ‘चोरणें’ या हलक्या अर्थानें कांहीं काळ तग धरून होता, आणि शेक्सपिअरच्या नाटकांतील एका भुरट्या शिपायाचें नांव ‘निम्’ आहे, तें या अर्थाशीं जुळतेंच आहे. घेणें ही नित्याची क्रिया. तिच्यासाठींसुद्धां एका राष्ट्रानें परक्याचा शब्द स्वीकारावा, यावरून तें मिश्रण किती खोल गेलें होतें हें दिसतें.

दुसरें वादळ १०६६ सालचें, नॉर्मन विजयाचें. दरबार, न्याय आणि विद्या यांची भाषा फ्रेंच व लॅटिन झाली. इंग्रजी शेतांत, बाजारांत आणि स्वैपाकघरांत उरली. जुनी इंग्रजी इतिवृत्तें एकामागून एक बंद पडलीं. पीटरबरोच्या मठांतील भिक्षूंनीं मात्र आपलें इतिवृत्त ११५४ पर्यंत चालविलें. त्यांतील ११३७ सालाखालीं स्टीफन राजाची एक हकीकत आहे. राजानें ऑक्सफर्ड येथें सभा भरविली, सॉल्सबरीचा बिशप रॉजर, त्याचा पुतण्या लिंकनचा बिशप अलेक्झांडर आणि आणखी एक आप्त यांस पकडलें, आणि त्यांनीं आपले किल्ले सोडून देईपर्यंत त्यांस तुरुंगांत ठेविलें. या एका वाक्यांत दोन युगें शेजारीं उभीं आहेत. पकडलें यासाठीं लेखकानें जुनें ‘निमन्’ वापरलें आहे. आणि सोडून दिले यासाठीं जें वापरलें आहे, तें म्हणजे आजचें ‘गिव्ह् अप्’. भिक्षूच्या हातांत जुना शब्द होता आणि कानावर नवा. त्यानें दोन्ही लिहिले.

एवढें समजल्यावर ‘टेक् ऑफ्’च्या नाना अर्थांकडे परत येऊं. मूळ अर्थ एकच : एका वस्तूवरून दुसरी वस्तू अलग करून घेणें. डोक्यावरून टोपी, अंगावरून कोट, चुलीवरून भांडें. किंमतींतून कांहीं भाग अलग केला, कीं सूट झाली. रंगभूमीवरून नाटक किंवा मार्गावरून गाडी अलग केली, कीं ती बंद झाली. येथपर्यंत वाट सरळ आहे. आतां माणसाला जगावरून अलग केलें तर? तो मारला गेला. शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’ नाटकांत नायक डंकन राजाच्या खुनाचा विचार करतांना ‘टेकिंग्-ऑफ्’ हाच शब्द योजतो. हा अर्थ आज मागें पडला आहे; पण आइसलँडच्या भाषेंत देहान्त शासन देणें यास आजहि ‘जीवितापासून घेणें’ असेंच म्हणतात, आणि त्यांतील क्रियापद व अव्यय हे ‘टेक्’ आणि ‘ऑफ्’चे सख्खे आप्त आहेत.

मग नक्कल कोठून आली? यावरहि तोड आहे. ठशावरून किंवा मूळ वस्तूवरून छाप उचलून घेणें, यासहि हें क्रियापद चालत असे. मूळ तेथेंच राहतें, पण त्याचें रूप तेवढें अलग होऊन कागदावर येतें. चेहऱ्यावरून चित्र, तसेंच माणसावरून त्याची ढब. आमच्या मतें नकलेची पायरी हीच. फूट हा जॉन्सनवरून जॉन्सनचा छाप उचलणार होता. ज्या पावलांचा शोध लागावयाचा नाहीं असें डॉक्टरसाहेबांनीं लिहिलें, तीं हीं दोन पावलें होत.

निघून जाणें हा अर्थ आणखी सोपा आहे. ‘स्वतःला तेथून अलग करणें’ असा पूर्वींचा प्रयोग. त्यांतील ‘स्वतःला’ हा शब्द वापरानें गळून पडला. उडी मारणारा मनुष्य किंवा घोडा जमिनीपासून स्वतःस अलग करतो, म्हणून उडीच्या आरंभासहि एकोणिसाव्या शतकांत हाच शब्द रूढ झाला. १७ डिसेंबर १९०३ रोजीं अमेरिकेंत राइट बंधूंचें यंत्र १२ सेकंद हवेंत राहून १२० फूट गेलें. या नव्या क्रियेला नांव देण्यासाठीं कोणास ग्रीक किंवा लॅटिन धातु शोधावा लागला नाहीं. घोड्याच्या उडीचा शब्द तयार होता, तोच विमानाला मिळाला. त्यापुढची झेंप अर्थशास्त्रांत. रॉस्टो या अमेरिकन पंडितानें १९५६ सालीं एका निबंधांत आणि १९६० सालीं एका ग्रंथांत असें मांडलें, कीं प्रत्येक राष्ट्राच्या आर्थिक जीवनांत एक काळ असा येतो, कीं त्यानंतर वाढ आपल्याच बळावर चालू राहते. त्या काळास त्यानें ‘टेक् ऑफ्’ म्हटलें. ब्रिटनसाठीं त्यानें १७८३ ते १८०२ हीं वर्षें दिलीं, आणि हिंदुस्थानसाठीं १९५२ पासूनचा काळ सुचविला. त्याचें मत सर्वांस मान्य झालें असें नाहीं. आमचा मुद्दा इतकाच, कीं टोपी काढण्याचा शब्द राष्ट्रांच्या उत्कर्षापर्यंत पोंचला, तरी मधली एकहि पायरी तुटलेली नाहीं.

या पायऱ्या मोजण्याचें काम इंग्रजांनीं पुढें मोठ्या निष्ठेनें केलें. प्रत्येक शब्दाचा इतिहास त्याच्या वापरांतील उदाहरणांनींच सांगावा, या तत्त्वावर रचलेल्या ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाचा पहिला भाग १८८४ सालीं निघाला आणि शेवटचा १९२८ सालीं. त्याचे प्रमुख संपादक जेम्स मरे १९१५ मध्यें आणि त्यांचे सहकारी हेन्री ब्रॅड्ली १९२३ मध्यें वारले. दोघांनाहि तो पुरा झालेला पाहतां आला नाहीं. ‘फ्रेझल् व्हर्ब्’ हें नांव याच ब्रॅड्लींनीं सुचविलें, असें लोगन पिअर्सल स्मिथ यांनीं १९२५ च्या आपल्या पुस्तकांत नमूद केलें आहे. म्हणजे वस्तु आठशें वर्षें वापरांत होती, आणि नांव विसाव्या शतकांत मिळालें. हा उशीर अकारण नाहीं. ही संपत्ति सामान्य लोकांची होती. पंडितांपाशीं ‘रिमूव्ह्’, ‘इमिटेट्’, ‘डिडक्ट्’, ‘डिपार्ट्’ असे फ्रेंच-लॅटिन घराण्याचे शब्द होते. ते वजनदार, एकार्थी आणि दरबारी. ‘टेक् ऑफ्’ हा या चौघांचेंहि काम एकटा करी, म्हणूनच त्याची प्रतिष्ठा कमी. घरांतील जो मनुष्य सगळ्यांच्या हांकेला ओ देतो, त्याला पाटावर मानाची जागा क्वचितच मिळते.

आम्हीं इंग्रजी शिकलों तें पुस्तकांतून, आणि म्हणून या दरबारी शब्दांशींच आमची गट्टी जमली. त्यांत संस्कृत तत्सम शब्दांची आमची संवय मदतीला आली. ‘इमिटेट्’ला ‘अनुकरण’ ठेवून आम्ही मोकळे झालों. पण आमच्या स्वतःच्या बोलींत या जोडक्रियापदास कोण आहे, हें आम्हीं फारसें पाहिलें नाहीं. तो आहे, आणि रोज आमच्या तोंडीं आहे. तो म्हणजे ‘काढणें’.

आम्ही टोपी काढतों. चित्र काढतों आणि कागदाची नक्कल काढतों. मूळ वस्तु जागच्या जागीं राहते आणि रूप अलग होऊन येतें, तंतोतंत फूटच्या कलेप्रमाणें. संकट दिसलें कीं पळ काढतों, किंवा काढता पाय घेतों. हेंच तें स्वतःला अलग करून निघून जाणें. आणि वैऱ्याचा काटा काढतों. डंकनचा मॅक्बेथनें काढला तोच. प्राकृतांत ‘कड्ढ’ म्हणजे ओढणें. त्या एका क्रियेपासून मराठीनें स्वतंत्रपणें, कोणाचें न पाहतां, ‘टेक् ऑफ्’च्या निम्म्याहून अधिक वाटा तुडविल्या आहेत. शिवाय कर्ज काढणें, दिवस काढणें, झोंप काढणें, समजूत काढणें, खोडी काढणें, आठवण काढणें या तिच्या आपल्या खास वाटा आहेतच. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रथम निघाला आणि १८५७ सालीं त्याची वाढविलेली आवृत्ति निघाली. त्याच्या आधारें मराठी शिकणारा एखादा गोरा अधिकारी, ‘दिवस’ आणि ‘झोंप’ कोठून बाहेर काढावयाची, या विचारांत किती वेळ बसला असेल, याची कल्पना आमच्या विद्यार्थ्यानें करून पाहावी. ‘खाऊन टाक’ यांत कांहींच टाकावयाचें नसतें, आणि ‘सांगून ठेव’ यांत कांहींच ठेवावयाचें नसतें. इंग्रजींत जें काम मागचें अव्यय करतें, तेंच मराठींत पुष्कळदां मागचें दुसरें क्रियापद करतें : त्यांचें ‘ईट् अप्’, आमचें ‘खाऊन टाक’; बिशपांचें ‘गिव्ह् अप्’, आमचें ‘सोडून दे’.

तेव्हां विद्यार्थ्याच्या निकालास आमचें उत्तर असें. ज्यास आपण भाषेचा अनियम म्हणतों, तो बहुधा आपणांस ठाऊक नसलेला इतिहास असतो. स्वभाषेंतील असा इतिहास अंगवळणीं पडलेला असतो, म्हणून तो दिसत नाहीं; परभाषेंतील दिसतो, म्हणून खुपतो. जॉन्सनसारख्या समर्थ पुरुषासहि आपल्या घरचा इतिहास दिसला नाहीं, कारण त्याची किल्ली त्याच्या आयुष्यांत सांपडावयाची नव्हती. ती त्याच्या मित्रास गंगेच्या कांठीं सांपडली. यांत विनय शिकण्यासारखा आहे, आणि थोडा धीर धरण्यासारखाहि.

आणि एक व्यावहारिक गोष्ट आहे. आज इंग्रजीवरून मराठींत जें अपार भाषांतर होत आहे, त्यांत लहान इंग्रजी शब्दाला मोठा संस्कृत शब्द देण्याची प्रथा पडली आहे. शास्त्रांत त्याची गरज आहे, हें आम्हांस मान्य आहे. पण जेथें इंग्रज शेतकऱ्याचा शब्द मूळांत आहे, तेथें मराठी शेतकऱ्याचा शब्द आधीं शोधावा. तो पुष्कळदां दाराशींच उभा असतो. ‘काढणें’, ‘लागणें’, ‘बसणें’, ‘टाकणें’, ‘उठणें’ या पांच क्रियापदांनीं मराठी माणसाचा अर्धा संसार चालतो. राजसत्ता बदलल्या, दरबारच्या भाषा बदलल्या, यादवांचें संस्कृत गेलें, बहामनींची फारसी गेली. हे शब्द राहिले. पीटरबरोच्या त्या भिक्षूप्रमाणें कान उघडे ठेवून ते कागदावर उतरविणें, एवढेंच आपलें काम आहे.